कोपर हललं की बटण दाबायचं

ऐकण्याच्या परीक्षेत मी नोकरीभर दरवर्षी पास झालो आणि आठवणीच्या परीक्षेत पहिल्याच दिवशी नापास. पहिलीत मी लबाडी केली होती, दुसरीत अगदी प्रामाणिक होतो. प्रामाणिकपणाचं फळ काय असतं हे मला साठी उलटल्यावर कळलं. साठी बुद्धी नाठी म्हणतातच, आणि घरच्यांनी माझ्या बाबतीत तेवढंच घट्ट धरून ठेवलं.

मी निघोज्याचा. आमच्या शिवारात बाजरी जाऊन कंपन्या उगवल्या, त्या काळात मी नोकरीला लागलो. चाकणच्या पट्ट्यात गाड्यांचे पत्रे दाबणारी एक कंपनी होती, तिच्या प्रेस शॉपमध्ये. प्रेस म्हणजे दुमजली घराएवढं यंत्र. वरून दणका येतो आणि सपाट पत्र्याचा गाडीचा दरवाजा होतो. असे दणके शिफ्टभर, आणि अशा यंत्रांची रांग. पहिल्या आठवड्यात वाटलं, छाती फुटणार. महिन्याभरानं वाटलं, बरं आहे की, काही त्रास नाही. त्रास होता तेवढाच होता, कान कमी झाले होते. पण वयाच्या पंचविशीत असा विचार करणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

कंपनी वाईट नव्हती. कानात घालायला नारिंगी स्पंजचे बोळे द्यायची, भिंतीवर मोठ्या कानाचं चित्र लावायची. ते बोळे आम्ही इमानानं वापरले, फक्त कंपनीत नाही. गणपतीत मंडळाचा डीजे दारात आला की आमच्या घरात लहानथोर सगळ्यांच्या कानात कंपनीचे बोळे असायचे. माझ्या आईनं तर ते शेवटपर्यंत वापरले, कारण वडील घोरायचे. प्रेसवर मात्र बोळे घालणारा नवखा समजला जायचा. यंत्र बिघडायला लागलं की आधी त्याचा आवाज बदलतो, तो ऐकू आला पाहिजे, असं जुनी माणसं सांगत. म्हणजे ऐकू यावं म्हणून कान उघडे ठेवायचे, आणि उघडे ठेवून घालवायचे. एवढं शहाणपण आम्ही एकमेकांना फुकट शिकवत होतो.

त्या आवाजात तोंडानं बोलणं शक्यच नव्हतं, म्हणून आम्ही हातांनी बोलायचो. माझ्या समोरच्या प्रेसवर तळेगाव दाभाड्याचा एक जण होता. आम्ही एकमेकांना जोडीदार म्हणायचो, इथेही त्याला जोडीदारच म्हणतो. खुणांचा सगळा कारखाना त्याचा. दोन बोटं ओठांकडे नेली की चहा. टोपी सरळ केल्यासारखं केलं की सुपरवायझर येतोय. मूठ तळहातावर आपटली की पत्रा अडकला. पोटावर हात गोल फिरवला की कॅन्टीनला आज गोड आहे. कोणाला मुलगी झाली, कोणाची सोयरीक मोडली, हेसुद्धा तो रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हातांनीच पोचवायचा. त्याचे हात चालायला लागले की सगळी रांग खदखदून हसायची, आणि त्या हसण्याचा आवाज कोणालाच यायचा नाही. इतकं मनमोकळं मी नंतर कुठेच बोललो नाही.

वर्षातून एकदा कंपनीच्या आवारात कान तपासणारी गाडी यायची. गाडीत एक छोटी बंद खोली, तिला काचेची खिडकी. आपण आत बसायचं, कानांवर हेडफोन, हातात बटण. बाहेरचा तपासणारा बारीक बारीक आवाज सोडणार, ऐकू आला की बटण दाबायचं. जो नापास होईल त्याला प्रेसवरून काढून पॅकिंगला पाठवायचे. कंपनीच्या लेखी ही आमची काळजी होती, आमच्या लेखी शिक्षा. पॅकिंगला ओव्हरटाइम नाही, आणि प्रेसवाल्याला गावात जो मान असतो तो खोके बांधणाऱ्याला नसतो.

जोडीदारानं पहिल्याच वर्षी शोध लावला. आवाज सोडताना तपासणारा मशीनची कळ फिरवतो, आणि कळ फिरवताना त्याचं कोपर हलतं. ते कोपर काचेतून दिसतं. तेव्हा आवाजाकडे लक्ष द्यायचंच नाही, कोपर हललं की बटण दाबायचं. बाहेर येऊन त्यानं रांगेत उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांकडे पाहिलं आणि स्वतःच्या कोपराला हात लावला. एवढ्यावरून सगळे समजले. त्या दिवसापासून आमच्यात कोपराला हात लावणं म्हणजे ‘पास’. अख्ख्या कंपनीत सगळ्यात चांगले कान प्रेस शॉपचे निघाले आणि त्याबद्दल साहेबांनी आम्हाला पेढे वाटले. मी पेढा घरी नेला आणि सांगितलं, कान एकदम ठणठणीत आहेत, मशीनवर तपासलेत. पुढे दरवर्षी तेच सांगत गेलो. हे बोलणं एक दिवस माझ्याच गळ्यात पडेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

माझी बायको बोलणारी. मी शिफ्टवरून येऊन मागच्या दाराच्या पायरीवर बूट काढायला बसलो की ती समोर येऊन बसायची आणि दिवसभराचं सांगायची. पाण्यावरून कोण कोणाला काय बोललं, कोणाची म्हैस कोणाच्या घासात शिरली, कोणती सून रुसून माहेरी गेली. तिचं सांगणं नाटकासारखं, सासू आली की सासूचा आवाज, सून आली की सुनेचा. मध्येच थांबून बघायची, मी ऐकतोय ना. मी म्हणायचो, “पुढं काय झालं?” की गाडी पुन्हा सुरू. मला त्या भांडणांशी देणंघेणं नव्हतं, पण तिचा आवाज कानावर पडला की शिफ्ट संपली असं वाटायचं.

मग शब्द जायला लागले. आवाज यायचा, शब्द यायचे नाहीत. ज्याला हे झालेलं नाही त्याला ते सांगून कळत नाही. कोणीतरी बोलतंय हे पक्कं कळतं, काय बोलतंय ते तेवढं कळत नाही. मी अंदाजावर संसार चालवायला लागलो. तिचा चेहरा हसरा असला की हसायचं, कपाळाला आठ्या असल्या की ‘अरेरे’ म्हणायचं, आणि मधून मधून ‘पुढं काय झालं’ टाकायचं. बरीच वर्षं निभावलं. एक दिवस ती पायरीवर बसून बराच वेळ काहीतरी सांगत होती. सांगून झालं, ती गप्प झाली, आणि मी हसून म्हणालो, “पुढं काय झालं?” ती उठून आत गेली. तिची मावशी वारली होती, तिला लहानाचं मोठं केलेली मावशी. ते मला दुसऱ्या दिवशी घरी पाहुणे आले तेव्हा कळलं.

तरीही मी बहिरा आहे असं कोणाच्या डोक्यात आलं नाही, कारण भांडं पडलं की मी वळून बघायचो. “सोयीचं तेवढं बरं ऐकू येतंय,” अशी माझी ख्याती झाली. सोबतचे गडी म्हणायचे, “नशीबवान हायस भावा, बायकोचं ऐकू येत न्हाई.” कोणी हसलं की मी पण हसायचो. हा विनोद मला माझ्या कानाशी तोंड आणून सांगावा लागायचा, एवढाच त्यात दोष.

लग्नाला, दहाव्याला जाणं मी हळूहळू बंद केलं. मंगल कार्यालयात पंगतीला बसलो की डोक्यात नुसता शिमगा. एकेका शब्दासाठी जीव ताणायचा, अर्धं पकडायचं, बाकीचं पदरचं घालायचं, तोवर समोरचा तिसऱ्याच विषयावर गेलेला. घरी आलो की डबल शिफ्ट केल्यासारखा आडवा व्हायचो. त्यापेक्षा टीव्ही बरा, तो उत्तर मागत नाही. भावकी म्हणाली, “सायेब झालाय, आता आपल्याशी कशाला बोलंल.” मला हे कळलं तेव्हा रागच आला, पण राग आल्याचं सांगायला जायचं म्हणजे पुन्हा त्यांच्यात बसणं आलं.

निवृत्त झालो आणि घरात नवीन प्रकरण सुरू झालं. मुलगा सकाळी सांगायचा, संध्याकाळी माणूस येईल, त्याला मीटर दाखवा. संध्याकाळी माणूस आला की मी विचारायचो, कोण तुम्ही? सून सांगायची, दूध बंद करा. दूध उतू जायचं. जे कानातून आत गेलंच नाही ते आठवणार कुठून? पण समोरच्याला दिसतं ते एवढंच, की याला सांगितलेलं लक्षात राहत नाही. कान तर ठणठणीत, ते मीच वर्षानुवर्षं बजावलेलं. मग उरलं काय, डोकं. मुलगा आयटीत आहे, तो मोबाइलवर वाचतो. त्यानं सगळी लक्षणं जुळवली आणि मला पिंपरीत मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर सभ्य होते, तोंडाला मास्क होता आणि डोक्यावर पंखा. त्यांनी काहीतरी विचारलं. मला कपाळ दिसलं, त्यावर आठी नव्हती, म्हणून मी हसलो. मग त्यांनी पाच शब्द सांगितले आणि थोड्या वेळानं ते परत म्हणायला सांगितले, असं मुलगा नंतर म्हणाला. त्या वेळी मला एवढंच कळलं की डॉक्टर थांबलेत आणि माझी पाळी आहे. इतक्या वर्षांची सवय, मी म्हणालो, “पुढं काय झालं?”

मुलानं मान खाली घातली. परत येताना त्यानं गाडीत एकही शब्द काढला नाही. निदान मला तरी तसं वाटलं, कारण तो पुढे बघून गाडी चालवत होता. पुढच्या तपासण्या नंतर ठरणार होत्या, पण घरचा निकाल त्याच दिवशी लागला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

माझ्या स्कूटरची किल्ली कपाटात गेली. गॅसला हात लावायचा नाही. खिशात मुलाचा नंबर. घरातल्या सगळ्या गोष्टी माझ्यासमोरच ठरायला लागल्या, खुर्चीसमोर ठरवाव्यात तशा. हे सगळं मी पचवलं असतं. बायको बोलायची थांबली ते मात्र पचेना. अवघड काही विचारून मला शिणवायचं नाही, असं मुलानं तिला सांगितलं होतं, आणि तिनं ते पुरतं मनावर घेतलं. ती समोर यायची आणि दोन बोटं ओठांकडे न्यायची. चहा. हात पाण्याच्या तांब्यासारखा डोक्यावर ओतायची. आंघोळ. चहाची खूण तिला मीच शिकवली होती, नव्या लग्नात, गंमत म्हणून. प्रेस शॉप माझ्यामागे स्वयंपाकघरापर्यंत आला होता, आणि पायरीवरचं सांगणं संपलं होतं. मला सगळ्यात जास्त तेच हवं होतं, आणि ते मागायचं तर मला वेड लागलेलं नाही हे आधी घरात पटवावं लागणार होतं. खरं सांगायचं तर ते माझं मलाच पटेनासं झालं होतं.

म्हणून जोडीदाराची आठवण झाली. आमच्या प्रेस शॉपचे आठ-दहा निवृत्त लोक अधूनमधून चाकणला एका चहाच्या टपरीवर जमायचो. तिथे आम्ही सगळेच तसे, त्यामुळे तिथे कोणीच बहिरा नव्हता. हात चालायचे, चहा व्हायचा. जोडीदार मात्र बऱ्याच दिवसांत आला नव्हता. त्याला भेटावं, आपलं डोकं ठिकाणावर आहे का ते त्यालाच विचारावं, असं ठरवून एका गुरुवारी मी घरी न सांगता निघालो. गुरुवार एवढ्यासाठी की आमच्या पट्ट्यात कंपन्यांची सुट्टी गुरुवारी, आणि निवृत्त झाल्यावरही माझा रविवार गुरुवारीच येतो. चाकणपर्यंत रिक्षा, पुढे तळेगावची बस.

जोडीदार टीव्हीसमोर बसला होता. चित्र चालू, आवाज बंद. मला बघून छान हसला. मी समोर बसलो आणि दोन बोटं ओठांकडे नेली. तो माझ्या बोटांकडे बघत राहिला. मी टोपी सरळ केली, सुपरवायझर येतोय. तो बघत राहिला. मी मूठ तळहातावर आपटली, पोटावर हात फिरवला. शेवटी माझ्या कोपराला हात लावला. ही तर त्याची स्वतःची, सगळ्यात नावाजलेली खूण. त्यानं माझ्या कोपराकडे पाहिलं, मग काळजीनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. माझं कोपर दुखतंय असं त्याला वाटलं असावं. आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसा तो माझ्याकडे बघत होता.

त्याची बायको चहा घेऊन आली, माझ्या शेजारी बसली आणि माझ्या कानाशी तोंड आणून मोठ्यानं बोलली. घर शांत होतं, म्हणून बरंचसं कळलं.

“आदी ऐकू येईना, म्हनून मान्सात बसायचं सोडलं. आमी म्हनलं, म्हातारपन हाय, बसूद्या निवांत. कुनी आलं तर हे आपलं नुसतं हसायचं. मग येनारी बी यायची बंद झाली. आन् आता वळख ऱ्हायली न्हाई, भाऊजी. परवा मला म्हनले, बाई, तुमचं घर कुठं हाय?”

“कान दाखवले नाहीत?” मी विचारलं.

“कशाला दाखवायचं? कंपनीत दर वर्षाला पास व्हायचे की.”

मी चहा खाली ठेवला. जोडीदारानं माझा कप उचलला आणि शांतपणे पिऊन टाकला. परतीच्या बसमध्ये मी सगळ्या खुणा एकामागून एक करून पाहिल्या. शेजारची बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली. खुणा सगळ्या आठवत होत्या. भीती त्यामुळे कमी झाली नाही, कारण जोडीदारालाही कधीतरी सगळ्या आठवतच होत्या.

घरी माझी शोधाशोध चालली होती. मुलगा ओरडत होता ते मला चेहऱ्यावरून कळलं. मी त्याला म्हणालो, मला कानाच्या डॉक्टरकडे ने. तो म्हणाला, कानाला काय झालंय? मग मी त्याला कोपराची गोष्ट सांगितली. मला वाटलं होतं तो हसेल. आमच्या शॉपमध्ये ही गोष्ट सांगून कोणी हसलं नाही असं कधी झालं नव्हतं. तो खाली बसला आणि हळूहळू, एकेक शब्द तोडून म्हणाला, “आण्णा, एवढी वर्षं?”

कान तपासायला पुन्हा तशीच खोली, हेडफोन, बटण. तपासणारी मुलगी तरुण होती. तिनं मला खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसवलं. कोपर दिसायची सोय नव्हती. मी मनात म्हटलं, शाबास पोरी, आमच्या वेळी तू नव्हतीस ते बरं झालं. भिंतीकडे बघत बसलो. बराच वेळ काही झालं नाही, म्हणून परीक्षा अजून सुरू झालेली नाही असं समजून मी वाट बघत राहिलो. मग ती आत येऊन म्हणाली, झालं.

दोन्ही कानांना यंत्रं बसली. मुलानं मला पुन्हा मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सगळी हकिगत ऐकली आणि पहिल्यांदा मास्क खाली केला. पुन्हा पाच शब्द सांगितले, मी पाचही परत केले आणि त्यांच्या पंख्याचा आवाज खराब येतोय हेही सांगितलं. ते हसले. मी जोडीदाराचं विचारलं, त्याचं कानामुळेच झालं का?

“ते कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही,” ते म्हणाले. “बहिऱ्या माणसाचं डोकं जातंच असं नाही. पण ज्याला नीट ऐकू येत नाही त्याची सगळी ताकद शब्द पकडण्यातच जाते, लक्षात ठेवायला उरत नाही. आणि तो माणसं तोडतो. मेंदूला माणसं लागतात, काका. कान वेळेवर बघितले असते तर त्यांच्या मेंदूवरचं एक ओझं तरी कमी झालं असतं. तुम्ही आता नुसतं यंत्र घालून टीव्हीसमोर बसू नका.”

म्हणजे पास होण्याचे पेढे आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ले, आणि त्यांची किंमत जोडीदाराला एकट्याला भरावी लागली. हे मनात आलं आणि पिंपरीच्या त्या गजबजलेल्या रस्त्यावर, जिथे मला एकदम सगळंच ऐकू येत होतं, मला रडू आलं. हॉर्न, भाजीवाले, बसचे ब्रेक, सगळे आवाज पत्र्यावर वाजल्यासारखे. मुलाला वाटलं, यंत्र टोचतंय.

घरी आलो. किल्ली कपाटातून बाहेर आली. मुलगा जरा जास्तच अदबीनं वागायला लागला, जणू परीक्षेत तोच नापास झाला होता. फ्रिज गुरगुरतो, पेपर कडकडतो, माझी चप्पल फटफटते आणि मी जेवताना मचमच करतो, हे सगळं मला नव्यानं कळलं. मी फक्त एका आवाजाची वाट बघत होतो. बायको आली, माझ्या कानांकडे निरखून बघितलं आणि हातानंच विचारलं, कसं काय?

“बोल की आता,” मी म्हणालो.

“काय बोलू?” ती म्हणाली.

तो आवाज म्हातारा झाला होता. माझ्या कानात तिचा जुना आवाज राहून गेला होता, तो मी जपून ठेवला होता, आणि मधल्या काळात तिचा खरा आवाज माझ्याविना म्हातारा झाला. मी तोंड फिरवून कानातलं यंत्र चाचपत बसलो. तीही उठून गेली.

पुढचे दिवस तसेच. जेवायला घ्या, लाइट बंद करा, एवढंच बोलणं, बाकी हात. बोलायचं तिला विसरायला झालं असेल असं मला वाटायला लागलं. घरात डोक्याची तपासणी माझी झाली होती आणि मौन तिला लागलं होतं. मागे लागून कोणाला बोलतं करता येत नाही. गुरुवारी मी स्कूटरवर तळेगावला जायचो, जोडीदाराच्या समोर बसायचो. त्याला आता खुणा नकोत, मी शेजारी बसून हात धरला की बरं वाटतं. दोन गडी काही न बोलता बसायचो, आणि घरी आलो की तिथेही तेच.

मग एक दिवस दुपारी मी मागच्या दाराकडे गेलो आणि मला तिचा आवाज आला. आमच्या घरामागे भाड्याच्या खोल्या आहेत. निघोज्यात आता ज्याच्या त्याच्या घरामागे आहेत. एका खोलीत ओडिशाकडचं जोडपं राहतं. नवरा चाकणला शिफ्टला जातो, ती एकटी असते. तिला मराठी येत नाही. ती दारात घेवडा निवडत बसली होती, माझी बायको तिच्यासमोर बसली होती, आणि सांगत होती.

“...मंग सासू म्हनली, जायचं आसंल तर जा, परत उंबऱ्यात पाय ठेवायचा न्हाई. आन् ती बी अशी खमकी, ती गेली न्हाई आन् आत बी आली न्हाई. तितंच दारात बसून ऱ्हायली, पिशवी मांडीवर घिऊन. कुनी बोलना, कुनी उठवना...”

सासूचा आवाज सासूसारखा, सुनेचा सुनेसारखा. काही म्हणजे काही विसरली नव्हती. इतके दिवस सांगणं चालूच होतं, फक्त जागा बदलली होती. आणि ती ओडिशाची पोर तिच्या तोंडाकडे बघत होती. आठी दिसली की च् च् करायची, हसू दिसलं की हसायची, मध्येच म्हणायची, “हां मौसी.” एक शब्द कळत नव्हता तिला. कोपर बघून बटण दाबत होती. ते काम किती मेहनतीचं आहे हे तिथे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? मला तिचा हेवा वाटला आणि तिचे पाय धरावेसेही वाटले.

मी पायरीवर बसलो. बूट काढायचे नव्हते, तरी बसलो. बायकोनं मागे वळून पाहिलं, ती गप्प झाली आणि तिनं दोन बोटं ओठांकडे नेली.

“चहा नको,” मी म्हणालो. “पुढं काय झालं?”

तिचा चेहरा कडक झाला. हे वाक्य तिला पाठ होतं. मावशीच्या दिवसापासून तर जास्तच.

“कशाच्या पुढं?” तिनं विचारलं.

“ती सून दारात बसून राहिली म्हणालीस, पिशवी मांडीवर घेऊन. कोणी उठवायला गेलं का नाही?”

पोरीनं घेवडा निवडायचा थांबवला. मग बायको उठली, पदर सावरत आली आणि पायरीवर माझ्या शेजारी बसली. माझ्या कानाशी तोंड आणलं आणि गोष्ट पहिल्यापासून सुरू केली, पूर्वी मला सांगायची तशीच, फक्त आता सगळं गाव गोळा होईल इतक्या मोठ्यानं. यंत्रातून एकेक शब्द प्रेससारखा आदळत होता. आवाज कमी करायला कानामागे बारीकसं बटण आहे, डॉक्टरांनी ते मला दोनदा दाखवलं होतं. मी ते दाबलं नाही.